बशीतला समुद्र

लघवीचं कल्चर लावायला दिलं की दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो. वर जिवाणूचं नाव, खाली प्रतिजैविकांची यादी, आणि प्रत्येक औषधासमोर ‘एस’ (औषध लागू पडतं) किंवा ‘आर’ (पडत नाही). त्या यादीवरून डॉक्टर गोळी बदलतात, कधी इंजेक्शन सुरू करतात. रिपोर्टात एका गोष्टीचा उल्लेख कधीच नसतो: तो जिवाणू वाढला कशावर? उत्तर आपल्या ओळखीचं आहे. चीक न मिळालेल्या घरात खरवस जमवण्यासाठी वाण्याकडून आणतात तो चायना ग्रास, म्हणजेच अगार. प्रयोगशाळेतला अगार अधिक शुद्ध असतो, पण कूळ तेच, समुद्रातलं तांबडं शेवाळ. रोगजंतूंचा इतिहास आपण ते शोधणाऱ्यांच्या नावांनी शिकतो. मला तो सामानाच्या बाजूने वाचायला हवा असं वाटतं, कारण बशीतला थर, बशी, मटणाचं पाणी, रक्त यांतलं एक काही बिघडलं तर मोठ्यात मोठ्या शास्त्रज्ञालाही जंतू दिसत नाही.

अगारची सुरुवात जपानमधली. तिथे शेवाळ उकळून त्याची जेली खाण्याची पद्धत फार जुनी. सतराव्या शतकात क्योतोजवळच्या फुशिमीत मिनोया तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वितळून वाळली, आणि त्या वाळलेल्या तुकड्यांना उकळल्यावर पुन्हा जेली झाली, अशी तिथली आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, कृती खरी आहे. गोठताना पाण्याचे स्फटिक जेलीबाहेर पडतात आणि वितळताना पाण्याबरोबर रंग, वास आणि क्षारही निथळून जातात. मागे उरतात हलक्या, कोरड्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पट्ट्या. असा माल जहाजात घालून कुठेही नेता येतो. तो चीनमध्ये गेला, आग्नेय आशियात गेला, आणि डच सत्तेखालच्या जावामधल्या घरांतही पोचला. जावाच्या उष्ण हवेत जेली घट्ट राहावी म्हणून तिथल्या बायका तो वापरत.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख एका अडचणीशी झगडत होता. जिवाणू रश्श्यात वाढवले तर सगळे एकमेकांत मिसळतात. रोग्याच्या नमुन्यात दहा प्रकारचे जिवाणू असतील, तर रोग त्यांतल्या कोणामुळे झाला हे रश्श्यातून कळत नाही. घट्ट पृष्ठभागावर मात्र एकेक जिवाणू जिथे पडेल तिथेच वाढतो आणि त्याची वेगळी वसाहत दिसू लागते. कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर हे केलं. पण बटाटा सगळ्याच जंतूंना मानवत नाही, आणि तो पारदर्शक नसल्याने वाढ नीट पाहता येत नाही. मग त्याने मांसाच्या पाण्यात जिलेटिन घालून ते काचेच्या सपाट पट्टीवर ओतलं. 1881 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने हे करून दाखवलं, तेव्हा बघणाऱ्यांत लुई पाश्चरही होता.

जिलेटिनमध्ये दोन खोटी होत्या. माणसाच्या अंगात राहणारे जिवाणू 37 अंशांना चांगले वाढतात, आणि त्या तापमानाच्या कितीतरी आधीच जिलेटिन पातळ होतं. दुसरं म्हणजे जिलेटिन हे प्रथिन. अनेक जिवाणू ते पचवून टाकतात, आणि आपल्या पायाखालची जमीन स्वतःच वितळवतात. वेगळ्या केलेल्या वसाहती पुन्हा एकमेकांत वाहून जातात.

त्याच वर्षी वाल्टर हेस्से नावाचा डॉक्टर कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत काम शिकायला आला. हा आधी सॅक्सनीच्या खाणपट्ट्यात सरकारी वैद्यकीय अधिकारी होता. श्नेबर्गच्या खाणकामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगावर त्याने एका सहकाऱ्याबरोबर केलेलं काम आजही व्यवसायजन्य आजारांच्या इतिहासात वाचलं जातं. आता त्याला हवेतले जिवाणू मोजायचे होते, आणि उन्हाळ्यात त्याचं जिलेटिन सारखं पातळ होत होतं. त्याची बायको फॅनी अँजेलिना, माहेरची आयल्शेमियस, प्रयोगशाळेत त्याला मदत करायची. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या वसाहतींची चित्रंही तीच काढायची. तिचा जन्म 1850 साली न्यूयॉर्कमधला. तिथे जावात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती अगार वापरायला शिकली होती. उन्हाळ्यातही तिची जेली घट्ट कशी राहते, असं नवऱ्याने विचारल्यावर तिने अगारचं नाव सांगितलं, अशी हकीकत त्या कुटुंबात सांगितली जात आली आणि पुढे त्यांच्या नातवाने ती लिहूनही ठेवली.

अगार कुठे श्रेष्ठ ठरतो ते तपशिलाने पाहण्यासारखं आहे. पाण्यात सुमारे दीड टक्का अगार घातला तरी तो घट्ट बसतो. तो वितळायला 85 अंशांच्या वर तापवावं लागतं, पण एकदा वितळला की थंड होत 40 अंशांच्या खाली येईपर्यंत तो पातळच राहतो. वितळण्याचं आणि गोठण्याचं तापमान यांत एवढं अंतर असणारे पदार्थ थोडे. प्रयोगशाळेला त्यातून दुहेरी फायदा मिळतो. 45 ते 50 अंशांना अगार पातळ असताना त्यात रक्त मिसळता येतं आणि ते शिजत नाही. गोठल्यावर तीच बशी 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये कित्येक दिवस ठेवली तरी ती वितळत नाही. शिवाय अगार ही शर्करांची साखळी, आणि ती पचवू शकणारे जिवाणू मुख्यतः समुद्रातले. माणसाला आजारी करणाऱ्या बहुतेक जंतूंना ती पचत नाही. जेली काचेसारखी स्वच्छ असल्यामुळे बशी उलटी धरून खालून वसाहती मोजता येतात.

हेस्सेने हे कॉखला कळवलं. 1882 साली कॉखने क्षयाच्या जंतूवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि छापला. त्यात अगारचा उल्लेख ओझरता, जेमतेम एका वाक्यात आहे. हेस्से दांपत्याचं नाव त्यात नाही. त्या शोधातून त्या घराला पैसाही मिळाला नाही. वाल्टर 1911 साली वारला, फॅनी 1934 साली ड्रेस्डेनमध्ये. 1939 साली हिचेन्स आणि लाइकिंड या दोन अमेरिकनांनी अगारचा इतिहास खोदून काढला आणि साध्या अगारच्या माध्यमाला ‘फ्राउ हेस्सेचं माध्यम’ म्हणावं अशी सूचना केली. ती कोणी उचलली नाही. मला तो अन्यायच वाटतो. ज्या दालनात पेट्रीची बशी, ग्रामचा रंग आणि मॅकॉन्कीचं माध्यम ही नावं रोज घेतली जातात, तिथे हिचं नाव घ्यायला काय अडचण होती?

युलियस रिचर्ड पेट्री हा कॉखचाच सहाय्यक. तोवर जेली सपाट काचपट्टीवर ओतून काचेच्या घंटेखाली ठेवत. बघायला झाकण उचललं की हवेतली धूळ आत शिरे. 1887 साली पेट्रीने एक छोटं टिपण छापलं: उथळ गोल बशी, आणि तिच्यावर तिच्याहून थोडी मोठी तशीच दुसरी बशी झाकण म्हणून. तशा बशा त्या काळात इतरांनीही वापरल्या होत्या, तरी नाव त्याचं राहिलं. काच फुटायची, पण धुऊन, ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरता यायची. प्लास्टिकची, एकदाच वापरायची बशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि तिच्याबरोबर नवा प्रश्न आला. पॉलिस्टायरीन ऑटोक्लेव्हमध्ये वाकडंतिकडं होतं, मग ते निर्जंतुक कसं करायचं? त्याला गॅमा किरण चालतात. आपल्याकडे वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारं ‘आयसोमेड’ हे केंद्र 1974 साली ट्रॉम्बेला सुरू झालं.

अगार आला म्हणून जिलेटिन लगेच हटलं नाही. पटकीचा जंतू शोधायला कॉख डिसेंबर 1883 मध्ये कलकत्त्याला पोचला, तेव्हाही त्याच्याकडे जिलेटिन होतं, आणि सुदैवाने बंगालमध्ये हिवाळा होता. पुढच्याच महिन्यात त्याने जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याची वसाहत आजूबाजूचं जिलेटिन हळूहळू वितळवते आणि तिथे खळगा पडतो, हीच त्याने तिची खूण मानली. जिलेटिनची जी खोट, तीच ओळखीची चाचणी झाली. अमुक जिवाणू जिलेटिन वितळवतो की नाही ही चाचणी सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी अजूनही करतात.

मुंबईने या इतिहासात घातलेली भर थक्क करणारी आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आल्याचं डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने ओळखलं, आणि ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन हा जिवाणूशास्त्रज्ञ शहरात आला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात अगदी थोडी जागा आणि मोजकी माणसं मिळाली. लसीसाठी प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे होते, आणि रश्श्यात ते तळाशी बसत. त्याने रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला जंतू चिकटून वाढू लागले, आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारख्या त्यांच्या माळा खाली उतरू लागल्या. चंबू हलवला की त्या तुटून तळाशी जात आणि वर नव्या वाढत. जंतू प्लेगचाच आहे याची ती खूणही होती. रश्श्याचा प्रश्न आणखी नाजूक होता. युरोपात तो गाईच्या मांसाचा करत. इथे लस टोचून घेणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते. म्हणून हाफकिनने बोकडाचं मटण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून रस्सा केला. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता विज्ञानाची गरज भागवण्याचा हा मार्ग मला त्या लसीइतकाच मोलाचा वाटतो. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने स्वतःला लस टोचून घेतली, आणि महिना संपण्याआधी भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिलाच 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

त्याच परळहून गेलेल्या एका बाटलीने सामानाची दुसरी बाजू दाखवली. 1902 साली पंजाबातल्या मलकोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. मधल्या काळात हाफकिनने लस करण्याची पद्धत बदलली होती आणि निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पद सोडावं लागलं. पुढे नीट तपास झाला तेव्हा गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे महत्त्वाचं ठरलं. 1907 साली रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिनची बाजू मांडली आणि त्याच्यावरचा ठपका गेला. त्या एका चिमट्याने 19 माणसं गेली आणि एका शास्त्रज्ञाचं ऐन उमेदीचं काम थांबलं. प्रयोगशाळेतलं कोणतंही सामान दुय्यम नसतं, हे मलकोवालइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

दरम्यान बशीतल्या जेलीला निवड करता येऊ लागली होती. लिव्हरपूलला काम करणाऱ्या आल्फ्रेड मॅकॉन्कीला विष्ठेतल्या असंख्य जंतूंतून विषमज्वराचे जंतू शोधायचे होते. आतड्यात राहणाऱ्यांना पित्त सोसतं, हे धरून त्याने माध्यमात पित्ताचे क्षार घातले, म्हणजे इतर बरेच जंतू आपोआप बाजूला पडले. सोबत लॅक्टोज आणि न्यूट्रल रेड हा रंग. लॅक्टोज पचवणारे जंतू आम्ल करतात आणि गुलाबी दिसतात, विषमज्वराचा जंतू रंगहीन राहतो. 1905 साली त्याने ते सविस्तर मांडलं, आणि आज भारतातल्या कोणत्याही लॅबमध्ये सकाळी पहिली उघडली जाणारी बशी बहुधा मॅकॉन्कीचीच असते.

पण हे सगळं दररोज लॅबमध्येच शिजवावं लागे. मटण आणा, कुटा, उकळा, गाळा, मीठ घाला, पेप्टोन घाला, आम्ल-अल्कली जुळवा. पेप्टोन म्हणजे एंझाइमने अर्धवट पचवलेलं प्रथिन, जिवाणूंचं आयतं जेवण. चांगलं पेप्टोन जर्मनीतल्या विट्टे कंपनीचं, आणि पहिल्या महायुद्धात ते मिळेनासं झालं. त्या पोकळीत डेट्रॉइटची डायजेस्टिव्ह फर्मेंट्स कंपनी उतरली. पचनाची एंझाइमं करणं हाच तिचा मूळ धंदा. पुढे तिचं नाव डिफ्को झालं. इंग्लंडमध्ये हेच काम ऑक्सॉइड कंपनीने केलं; तिच्या नावाचं मूळ आहे ऑक्सो या सुपाच्या ब्रँडमध्ये, आणि ऑक्सोचं मूळ उरुग्वेमधल्या फ्राय बेंटोसच्या मांस-अर्काच्या कारखान्यात. या कंपन्यांनी तयार माध्यम वाळवून डब्यात भरलं. आता तंत्रज्ञाने फक्त भुकटी तोलायची, पाणी घालायचं, ऑटोक्लेव्ह करायचं आणि प्लेट ओतायची.

भारतात अशी भुकटी बराच काळ परदेशातून यायची, आणि परकीय चलनाच्या टंचाईत ती महाग पडायची. 1970च्या दशकात मुंबईत वारके कुटुंबाने हायमीडिया सुरू केली, आणि भारतातल्या गावोगावच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत तिचे डबे दिसू लागले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मराठी मुलामुलींच्या पिढ्या तेच डबे तोलत मोठ्या झाल्या. माझ्या मते भारतात सूक्ष्मजीवशास्त्र तालुक्यापर्यंत पोचलं त्यात या डब्यांचा वाटा पाठ्यपुस्तकांइतका आहे.

रक्त मात्र डब्यात भरता आलं नाही. घसादुखीच्या स्वॅबमधला स्ट्रेप्टोकॉकस रक्ताच्या अगारवर ओळखतात. तो लाल पेशी फोडतो आणि वसाहतीभोवती स्वच्छ वलय पडतं. पाठ्यपुस्तकात मेंढीचं रक्त सांगितलेलं असतं. आपल्याकडे मेंढ्या पाळून नियमित रक्त काढण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळा कमी, म्हणून रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरण्याची पद्धत बरीच रुळली. त्यात रक्त न गोठण्यासाठी घातलेलं सायट्रेट असतं, देणाऱ्याच्या शरीरातली प्रतिपिंडं असतात, कधी त्याने घेतलेल्या प्रतिजैविकाचा अंशही असतो. वलयं नीट दिसत नाहीत, काही जंतू वाढतच नाहीत, शिवाय काम करणाऱ्याला संसर्गाची भीती राहते. काटकसर समजू शकते, पण रिपोर्टावर ‘नो ग्रोथ’ लिहिण्यापूर्वी बशीत कोणाचं रक्त आहे हे विचारलंच पाहिजे.

प्रतिजैविकांच्या चाचणीत तर बशी आणखी कडक हिशोब मागते. 1941 साली हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन या दोघांनी हार्वर्डमध्ये एक माध्यम तयार केलं, ते गोनोऱ्हिया आणि मेनिंजायटिसचे जंतू वाढवण्यासाठी. त्यात घातलेला स्टार्च जंतूंना घातक असलेले पदार्थ शोषून घेतो. 1966 साली सिएटलच्या बॉवर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिजैविक लावलेल्या कागदी चकत्यांची पद्धत प्रमाणित केली तेव्हा आधार म्हणून हेच म्युलर-हिंटन माध्यम घेतलं गेलं. चकती 6 मिलिमीटरची. औषध तिच्यातून जेलीत पसरतं आणि जंतू जिथे वाढत नाही ते वलय मिलिमीटरमध्ये मोजतात. म्हणून थराची जाडी 4 मिलिमीटर हवी. बशी पातळ ओतली तर औषध जास्त पसरतं, वलय मोठं येतं आणि दाद न देणारा जंतू ‘एस’ ठरतो. अगारमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढलं तर स्युडोमोनासवर जेंटामायसिनचं वलय लहान होतं. थायमिडीन राहिलं तर सल्फाचं उत्तर चुकतं. म्हणूनच ज्यांचं उत्तर आधीच ठरलेलं आहे अशी ई. कोलाय एटीसीसी 25922 सारखी प्रमाणित वाणं लावून माध्यमाची प्रत्येक नवी बॅच तपासावी लागते. आयसीयूतल्या रुग्णाला कोणतं औषध चालेल याचा निर्णय असा शेवाळाच्या प्रतीशी बांधलेला आहे.

आणि ते शेवाळ कुठून येतं, हे जगाला दोनदा आठवावं लागलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अगारचा मुख्य पुरवठा जपानचा. 1941 अखेर तो तुटला. अमेरिकेने उरलेला साठा बिस्किटं-मिठायांपासून काढून जिवाणूंच्या कामासाठी राखला. ब्रिटनने आपल्या किनाऱ्यांवरची शेवाळं तपासायला घेतली. न्यूझीलंडमध्ये ल्यूसी मूर या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी कोणत्या खडकावर कोणतं शेवाळ मिळेल हे शोधून काढलं आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी ते गोळा केलं. युद्धानंतर स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को पुढे आले. प्रयोगशाळेला लागतं ते मुख्यतः जेलिडियम हे शेवाळ. ते फारसं शेतात वाढवता येत नाही, समुद्रातून काढावं लागतं. मोरोक्कोने अतिउपशाला आळा घालण्यासाठी मर्यादा घातल्या आणि 2015 साली जगभर अगार महागला, मोठ्या कंपन्यांनी काही माल विकणं थांबवलं. तेव्हा नेचरसारख्या नियतकालिकाला त्यावर बातमी द्यावी लागली.

भारतातला अगार तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातून येतो. रामेश्वरम आणि मंडपमच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायका होडीने बेटांकडे जातात, डोळ्यांवर गॉगल लावतात, बोटांना चिंध्या गुंडाळतात, दम धरून बुडी मारतात आणि खडकावरचं मरिकोळुंदू, म्हणजे जेलिडिएला, हाताने खुडून आणतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या शेवाळापासून अगार काढण्याची पद्धत बसवली, आणि माल मदुराईच्या कारखान्यांत जातो. त्यातला बराचसा खाण्याच्या प्रतीचा. आपल्या खरवसातला चायना ग्रास तिथला असू शकतो. 1986 साली या 21 बेटांचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाणाऱ्या या बायका एका रात्रीत घुसखोर ठरल्या. वनखात्याचे लोक होड्या अडवू लागले, माल काढून घेऊ लागले. मग त्यांनी संघटना बांधली, महिन्यातले ठरावीक दिवसच शेवाळ काढायचं असं आपसांत ठरवलं, आणि मच्छीमारांसारखी आपल्यालाही ओळखपत्रं मिळावीत म्हणून भांडल्या. त्यांच्या पुढारी, चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 साली, म्हणजे प्रयोगशाळांना अगार कमी पडला त्याच वर्षी, बेटांच्या संवर्धनासाठीचं सीकॉलॉजी पारितोषिक मिळालं. ओळखपत्रं आता त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे आहेत. बेटांजवळ जाण्याचा हक्क मात्र अजून वादातच आहे.